पत्र्याच्या शेडवर वाऱ्यावर फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर बसवले तर उकाडा खरंच कमी होतो का?

५० बाय ३० फुटांच्या, १८ फूट उंच शेडला चार टर्बो पुरतील का, असं तुम्ही विचारलंय. खालून हवा आत यायला वाट असेल तरच उपयोग होईल. माझं भोसरीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. हे कळेपर्यंत आमचा एक अख्खा उन्हाळा गेला.

आम्ही २४ इंची सहा टर्बो बसवले. वर ते गरगर फिरायचे आणि खाली वेल्डिंगचा धूर तसाच कोंडलेला. धूळ नको म्हणून आम्ही खिडक्या बंद ठेवत होतो! मग भिंतीत जमिनीपासून दोन फुटांवर जाळीच्या झडपा काढल्या आणि त्याच दिवशी धूर वर चढताना दिसला. टर्बोच्या २४ इंची गळ्याचं, म्हणजे हवा जाते त्या गोल तोंडाचं, क्षेत्रफळ तीन चौरस फुटांहून थोडं जास्त, म्हणजे चारांचं साधारण साडेबारा. खाली निदान तेवढी जागा उघडी ठेवा, जास्त असली तर उत्तमच. आढ्याजवळच्या खिडक्या यात धरू नका, तिथून आलेली हवा माणसांपर्यंत न उतरताच निघून जाते.

आता चार पुरतील का ते बघू. तुमची शेड २७,००० घनफुटांची. तासाला १० वेळा हवा बदलायची तर मिनिटाला ४,५०० घनफूट, म्हणजे एका टर्बोमागे ११२५. विक्रेता क्षमता सांगेल तेव्हा ती किती वाऱ्याला, हे नक्की विचारा. वारा पडलेल्या दुपारी गरम हवा हलकी होऊन वर चढते तेवढ्यावरच काम चालतं आणि आकडा बराच खाली येतो. मी तुमच्या जागी असतो तर सहा बसवले असते.

भिंतीत वरच्या बाजूला मोठा एक्झॉस्ट फॅन असेल तर तो टर्बोतूनच बाहेरची हवा आत ओढतो. आम्ही आमचा काढून टाकला.

बाहेर ४० अंश असेल तर आत त्याखाली उतरणार नाही, आणि तापलेल्या पत्र्याची डोक्यावर येणारी धगही टर्बोने जात नाही. त्यासाठी वरून पांढरा रंग किंवा आतून इन्सुलेशन लागतं.

पावसाआधी बसवत असाल तर बेस प्लेटची, म्हणजे टर्बो ज्यावर बसतो त्या पत्र्याची, वरची कड आढ्याच्या पत्र्याखाली सरकवायला लावा. आमच्याकडे ती नुसती वर ठेवून सिलिकॉन मारलं होतं, पहिल्याच पावसात लेथवर पाणी. पैसे चुकते करण्याआधी वर पाइपने पाणी सोडून खालून बघा.