खेड्यात प्लंबिंगचा धंदा वाढवायचा तर फेसबुकवर जाहिरात द्यावी का?

भाऊ, तुम्ही लिहिलं की आयटीआय झालंय, दर्यापूरकडच्या खेड्यात काम करता, पण गवंडी बोलावेल तेव्हाच काम मिळते, तर फेसबुकवर पैसे लावू का. मी पण खारपाणपट्ट्यातच, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या आपल्या भागातच, हे काम करून राहिलो. आत्ता पैसे लावू नका.

गवंड्याकडून नवीन घराचंच काम येते अन् घरं बांधतात कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला की, म्हणजे दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत, पावसाळ्यात मग बसून राहावं लागते. बारा महिने चालते ते रिपेरिंग. आपल्याकडचं पाणी खारं, जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप सडते, तोट्या जाम होतात, गिझरच्या कॉइलवर खपल्या धरतात, नळ रोज येत नाही म्हणून घरोघरी टाकी, टाकी भरली की पाणी बंद करणारा तिचा बॉल व्हॉल्व्ह बिघडला की आलेलं पाणी गच्चीवरून वाहून जाते. एवढ्याशा कामाला तालुक्याचा माणूस येत नाही. तुम्ही जा. जमत नसेल तर फोनवरच सांगा की आज नाही, परवा सकाळी येतो, अन् परवा खरंच जा. मार्च लागला की जुन्या गिऱ्हाइकांना स्वतः फोन करायचा, कूलरचा पंप, कूलरपर्यंत पाण्याची लाइन, ही कामं त्या महिन्यात भरपूर निघतात.

नवीन घराच्या कामात एक गोष्ट मी कधीच सोडत नाही. प्लास्टरच्या आधी लाइन पाण्यानं भरून प्रेशर टेस्ट करायची, म्हणजे दाब देऊन कुठं गळते का ते पाहायचं, ही टेस्ट घरमालकाला उभं करून दाखवायची, अन् प्रत्येक भिंतीतल्या पाइपचे फोटो टेपनं माप धरून काढायचे अन् त्याच्या व्हॉट्सअॅपवर पाठवायचे. पुढं टाइल्सला ड्रिल मारायची वेळ आली की तो फोटो उघडते, तुमचा नंबर तिथंच असते. माझी अर्धी कामं अशीच आली, एकानं भावाला सांगितलं, भावानं सासरी.

हार्डवेअरवाल्याशी जमवून घ्या, पण कमिशनसाठी हलका पाइप गळ्यात मारू नका, गाव लहान आहे, दोन वर्षांत लीक झाला की नाव तुमचंच निघते. मजुरीचे दर छापून त्याच्या दुकानात लावा, तोटी बदलणे इतके, टाकी जोडणे इतके, लोकांना खर्च आधी कळला की फोन करायला लाजत नाहीत.

गूगल मॅपवर नाव टाकायला पैसे लागत नाहीत, लहान धंद्याची सरकारी उद्यम नोंदणी पण फुकट आहे, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 धंद्यांत प्लंबर नाही, त्यामागं फिरू नका. हॅमर ड्रिल वगैरे घ्यायचं तर बँकेत सरकारच्या मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज विचारा, 50 हजारांपर्यंत असते.

अन् उधारी. कापूस विकल्यावर देतो म्हणतील, अन् बहुतेक देतातही. मजुरीसाठी थांबा, वहीत त्याच्यासमोर लिहून ठेवा. पण मालाचे पैसे आधी घ्या, दुकानदार तुमच्यासाठी कापसाची वाट पाहत नाही.