वडिलांनी थकवलेली पोटगी अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर मागता येते का?

हो, येते. पण कुठल्या रस्त्याने जायचं हे आधी ठरवावं लागेल, आणि तुमच्या बाबतीत त्याला मुदत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही लिहिलंय की २०१४ मध्ये कोर्टाने तुम्हाला आणि भावाला दरमहा प्रत्येकी १,५०० रुपये मंजूर केले. वडिलांनी दोन-अडीच वर्षं ते कसेबसे दिले, मग बंद केले, आणि आई पुन्हा कोर्टाची पायरी चढली नाही. आता तुम्हाला एकोणीस पूर्ण झाली आहेत, नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू आहे. भाऊ एकवीस पूर्ण, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. वडील म्हणतात, "अठरा झाली, विषय संपला."

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. हे वाक्य माझ्यासमोर किती आयांनी आणि मुलांनी मान खाली घालून सांगितलंय! ते अर्धंच खरं आहे. अठरा पूर्ण झाल्यावर त्या जुन्या हुकुमाखाली नवीन रक्कम चढायची थांबते, एवढंच. आधी चढलेली बाकी माफ होत नाही. ज्या ज्या महिन्याला पैसे आले नाहीत, तो महिना वडिलांच्या नावावर तसाच उभा आहे.

आता पहिलं काम. २०१४ च्या हुकुमाची सही-शिक्क्याची नक्कल काढा. आईकडची झेरॉक्स चालणार नाही. नक्कल विभागात अर्ज द्या, केस नंबर आठवत नसेल तर आईवडिलांची नावं आणि वर्ष यावरून शोधून मिळतो. नक्कल हातात आली की वरच्या कोपऱ्यातला नंबर बघा. आपल्याकडच्या कौटुंबिक न्यायालयात 'पिटिशन ए' असेल तर तो घटस्फोटाचा वगैरे अर्ज, आणि 'पिटिशन ई' असेल तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा खावटीचा, म्हणजे पोटगीचा, अर्ज. तालुक्याच्या फौजदारी कोर्टातला हुकूम असेल तर तोही बहुधा १२५ चाच. नाव 'अज्ञान, तर्फे आई' असं असेल ('अज्ञान' म्हणजे अठरा पूर्ण न झालेलं मूल). म्हणजे पैसे आईच्या हातात द्यायचे होते, पण हक्क तुमचा होता. हे नीट लक्षात ठेवा, कारण वडिलांचे वकील म्हणतील की जे काही मागायचं ते आईने मागावं.

हुकूम १२५ चा निघाला तर वसुलीचा एक जलद मार्ग असतो: वॉरंट काढून जप्ती, आणि तरीही पैसे भरले नाहीत तर प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद. मात्र रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केलेला असावा लागतो. २०२४ च्या जुलैपासून १२५ च्या जागी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलंय, तिथेही ही अट तशीच आहे. तुम्हाला अठरा होऊन वर्ष उलटलं, म्हणजे तुमची सगळी बाकी आता वर्षापेक्षा जुनी आहे आणि हा दरवाजा बहुतेक बंद झालाय. (वाचणाऱ्यांपैकी कुणाला अठरा होऊन अजून वर्ष झालं नसेल तर उद्याच कोर्टात जा. दर महिन्याला एक महिना हातचा जातोय.) तरी आईला एकदा विचारा: मधल्या काळात तिने वसुलीचा एखादा अर्ज टाकला होता का, आणि तो अजून पडून आहे का? तसा अर्ज जिवंत असेल तर नंतर थकलेल्या रकमा त्यातच जोडता येतात, त्यासाठी दरवर्षी नवा अर्ज लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने शांता विरुद्ध शिवनंजप्पा या प्रकरणात २००५ मध्ये हे सांगितलंय.

असा अर्ज नसेल तरी हात टेकू नका. २०१३ च्या पूनगोडी विरुद्ध थंगवेल या निकालात सर्वोच्च न्यायालय स्पष्ट म्हणतं की एक वर्षाची अट फक्त त्या वॉरंट-कैदेच्या मार्गाला आहे, थकबाकीचा हक्क तिने मरत नाही, नेहमीचा दिवाणी मार्ग खुला राहतो. आणि इथे तुमचं वय उपयोगी पडतं. थकीत खावटीच्या दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, पण मुदत कायद्याची ६ आणि ८ ही कलमं अज्ञान मुलाला सज्ञान झाल्यावर तीन वर्षांपर्यंत सवलत देतात. म्हणजे तुम्ही एकविसाव्या वाढदिवसाच्या आत दाखल व्हा. समोरचा वकील मुदतीवर भांडेल, भांडू द्या, पण त्याला तारीख चुकल्याचं कारण आयतं देऊ नका. भावाची ही सवलत संपलेली दिसते. मात्र नक्कल 'पिटिशन ए' मधल्या हुकूमनाम्याची, म्हणजे डिक्रीची, निघाली, तर चित्र बदलतं: हुकूमनाम्याच्या दरखास्तीला, म्हणजे त्याच्या वसुलीच्या अर्जाला, बारा वर्षं मिळतात, आणि दरमहाच्या रकमेत प्रत्येक हप्ता चुकल्यापासून ती मोजतात. मग भावालाही वसुली मागता येईल. म्हणूनच मी नक्कल नक्कल करतेय.

दरखास्तीत पगारावर जप्ती आणता येते. साध्या कर्जदाराच्या पगाराचा मोठा भाग कायदा वाचवतो, पण खावटीच्या हुकूमनाम्यात फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित असतो.

१,५०० रुपये तेव्हाही कमीच होते, त्याचं आता काही होईल का, असं तुम्ही विचारलंय. मागच्या वर्षांची रक्कम आज वाढवून मिळेल अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. तुमच्या पुढच्या शिक्षणासाठी मात्र स्वतंत्र हक्क आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६, कलम २०(३): अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर जगू शकत नसेल तर तिला पोसण्याची जबाबदारी आईवडिलांवर आहे, वयाची अठरा ही अट नाही. अभिलाषा विरुद्ध प्रकाश या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं, आणि हेही सांगितलं की त्यासाठी अर्ज १२५ खाली नाही, कलम २० खाली करायचा. 'निर्वाह' यात शिक्षणाचा खर्च कायद्यानेच धरलाय. कॉलेजची फी, होस्टेल, मेस, युनिफॉर्म, क्लिनिकल पोस्टिंगला जायचा बसखर्च, सगळ्याच्या पावत्या तारखेनुसार लावा.

वडील उत्पन्नच नाही म्हणतात, नुसती शेती दाखवतात. रजनेश विरुद्ध नेहा हे प्रकरण आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलं. त्याच्या २०२० च्या निकालापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र द्यावंच लागतं. त्यावर विसंबून राहू नका. गट नंबर माहीत असेल तर सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर बघता येतो, पीकपाहणीत ऊस लागलाय का ते कळतं. ऊस कुठल्या कारखान्याला जातो, बिल कुठल्या बँकेत जमा होतं, ट्रॅक्टर कुणाच्या नावावर आहे, हे गावात माहीत असतं. ते लिहून वकिलाला द्या, पुढची कागदपत्रं कोर्टामार्फत मागवता येतात. त्याच निकालाने खावटी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असंही ठरवलं, त्यामुळे निकालाला वेळ लागला तरी अर्ज लवकर पडलेला बरा.

भावासाठी मला वाईट वाटतं. सज्ञान आणि धडधाकट मुलाला असा हक्क कायदा देत नाही. शिक्षण अठराव्या वाढदिवशी संपत नाही हे सगळ्यांना कळतं, कायद्याने मात्र मुलाच्या बाबतीत ते अजून मानलेलं नाही, आणि हा अन्याय आहे असं मी मानते. एक आधार आहे: मोठ्या मुलाचा खर्च एकटी आई उचलते म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मुलगा पदवीधर होईपर्यंत किंवा कमवायला लागेपर्यंत आईला दरमहा १५,००० रुपये अंतरिम मंजूर केले होते. आईची स्वतःची खावटी चालू असेल तर ती वाढवून मागताना हा निकाल दाखवता येईल.

"कोर्टात गेलीस तर जमिनीतला वाटा विसर," ही धमकी मनातून काढून टाका. वडिलोपार्जित जमिनीत तुमचा हक्क जन्माने आहे, भावाइतकाच. खावटी मागितल्याने तो जात नाही. स्वकष्टार्जित मालमत्तेचं वडील मृत्युपत्र करू शकतात, पण ते तुम्ही गप्प बसलात तरी करू शकतात.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. नोटीस गेली की नातेवाईक मध्ये पडतील, रोख काही हजार पुढे करतील आणि स्टॅम्प पेपरवर 'यापुढे काही हक्क राहिला नाही' असं लिहून मागतील. सही करू नका. तडजोड जरूर करा, पण ती कोर्टासमोर, आणि पैसे बँकेत.

आईने तेव्हा का पाठपुरावा केला नाही, असं तुम्ही दोनदा लिहिलंय. एकेका तारखेला तिची एक दिवसाची मजुरी बुडत होती, घरी तुम्ही दोघं लहान होतात. तिच्यावर रागावू नका. या केसमध्ये तुमची सर्वात महत्त्वाची साक्षीदार तीच आहे. तिच्या पत्र्याच्या पेटीत शाळेच्या फीच्या पावत्या असतील तर आजच काढून ठेवा. नक्कल मिळाली की त्यावरचं कलम आणि हुकुमाची तारीख खाली लिहा, नाव-गाव नको. पुढे काय दाखल करायचं ते मी सांगते.