मालकानं रोज कोणता आकडा विचारावा?

प्रश्न : कोल्हापूरला माझी फौंड्री आहे. आम्ही ज्या मोठ्या कंपनीला कास्टिंग देतो, तिने वीज, पाणी आणि कचऱ्याची प्रश्नावली पाठवली आहे. आमच्यासारख्या छोट्यांना हे कशासाठी? सुरुवात कुठून करू?

उत्तर : शेअर बाजाराची नियामक सेबी हिने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना ‘बीआरएसआर’ म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. त्यात पुरवठादारांबद्दलही प्रश्न असतात, म्हणून तो कागद तुमच्यापर्यंत आला. तो अकाउंटंटकडे सरकवू नका.

सुरुवात शॉपला दाबाची हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरपासून करा. सुट्टीच्या दिवशी मशिनं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवा आणि मेंटेनन्सच्या माणसाला घेऊन स्वतः शॉपमध्ये फिरा. हवा सुटल्याचा आवाज येईल तिथे खडूने खूण करा. 7 बार दाबाला 3 मिलिमीटरच्या भोकातून साधारण 3 किलोवॅट वीज वाया जाते. दिवसाचे 24 तास, वर्षाचे 300 दिवस धरले तर 21,600 युनिट झाले, तेही पाइपच्या एका झिजलेल्या कपलिंगपायी (जोडापायी)!

मग भट्टीकडे वळा. झाकण उघडं राहतं का? मोल्ड तयार नाहीत म्हणून वितळलेला धातू भट्टीत ताटकळतो का? ताटकळत असेल तर दोष प्लॅनिंगचा आहे, भट्टीवाल्याला बोलू नका.

आणि सकाळच्या मीटिंगमध्ये रिजेक्शनच्या शेजारी फळ्यावर टनामागे किती युनिट लागली तेही लिहा. मालक रोज जे विचारतो, त्याकडेच शॉपवर लक्ष राहतं. रिजेक्शनही याच हिशोबातलं आहे. बाद कास्टिंग पुन्हा वितळवायला वीज दुसऱ्यांदा लागतेच.

प्रश्न : पुण्यातल्या एका कंपनीत एचआरला आहे. एमडींचा पर्यावरणाचा उत्साह दर जूनच्या वृक्षारोपणापुरताच असतो. त्यांना कसं सांगू?

उत्तर : झाडं जरूर लावू द्या. पण कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार सीएसआर, म्हणजे कंपनीचा सामाजिक जबाबदारीचा खर्च, नेहमीच्या व्यवसायाबाहेरच्या कामांसाठी असतो. तुमच्या ऑफिसची वीज त्यात बसत नाही. एमडींकडे खरेदीचा एकच नियम मागा : एसी, पंप, मोटर घेताना किमतीशेजारी दहा वर्षांचं अंदाजे वीजबिल मांडलेलं नसेल तर सही नाही. सतत चालणाऱ्या मोटरच्या एकूण खर्चात तिची किंमत किरकोळच असते.

प्रश्न : आमचं इचलकरंजीत कापडाचं प्रोसेसिंग युनिट आहे. मी नुकतीच धंद्यात आले. वडील रात्री ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) बंद ठेवतात आणि ‘सगळेच करतात’ म्हणतात.

उत्तर : ताई, हे हळूहळू पटवत बसण्यासारखं नाही, आजच थांबवा. ते पाणी पंचगंगेतून पुढे शिरोळ तालुक्यातल्या गावांकडे जातं. शिवाय जलप्रदूषण कायद्याच्या कलम 33 अ खाली प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखाना बंद करायला आणि वीज तोडायला सांगू शकतं. वडिलांना हे स्पष्ट सांगा.

त्यांची खरी अडचण खर्चाची असणार, तर तिथे त्यांना मदत करा. शेवटच्या धुण्याचं पाणी बरंच स्वच्छ असतं. ते पहिल्या धुण्याला वळवलं की पाणी कमी लागतं आणि ईटीपीवर येणारं पाणीही घटतं. ईटीपीला वेगळा वीजमीटर बसवा, रात्रपाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी रीडिंग वहीत लिहायला लावा. सुपरवायझरचा बोनस फक्त किती मीटर कापड निघालं यावर ठरत असेल तर तो तसा ठेवू नका, नाहीतर त्याचा हात पुन्हा ईटीपीच्या स्विचकडेच जाईल. पहिला महिनाभर सकाळी त्या वहीवर सही तुम्ही करा, पुढच्या महिन्यापासून वडिलांना करू द्या.