‘ऑन द लाइन्स ऑफ’, धर्ती आणि सुताराचं सूत

प्रश्न असा आलाय की ‘ऑन द लाइन्स ऑफ’ बरोबर की ‘अलाँग द लाइन्स ऑफ’, आणि मराठीत दोन्हीला ‘च्या धर्तीवर’ चालेल का.

नमुना समोर ठेवून काही केलं असेल तर चालेल. मुंबई मेट्रोच्या धर्तीवर अमुक, ठीक आहे. पण इंग्रजीत कोणाचं बोलणं अंदाजे सांगताना ‘समथिंग अलाँग द लाइन्स ऑफ’ म्हणतात, तिथे ‘मी येणार नाही या धर्तीवर तो बोलला’ हे कसलं मराठी? ‘अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला’ म्हणा की सरळ. आणि सगळ्यात डोक्यात जातं ते बातम्यांमधलं ‘मुसळधार पावसाच्या धर्तीवर शाळांना सुट्टी’. अहो, पार्श्वभूमीवर! पावसाचा नमुना गिरवून सुट्टी देतात का कोणी?

असो, खरी मजा ‘लाइन’मध्ये आहे. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस, त्याच्या धाग्याचं कापड ते लिनन, तेल ते लिन्सीड ऑइल, आणि लिनिया म्हणजे मुळात जवसाचा दोरा. दोरा ताणला की सरळ रेघ मिळते, म्हणून लाइन, आणि ऑफिसात दिवसभर ऐकू येणारं ‘अलाइन’ पण त्यातलंच. आता आपल्याकडे बघा. सूत्र म्हणजे दोरा, तो धरणारा सूत्रधार, आणि सूत्रधारचाच प्राकृतातून घासत घासत झाला सुतार! रंगात बुडवलेला दोरा ओंडक्यावर ताणून सोडतो तो माणूस. सुतासारखा सरळ, दोघांचं सूत जुळलं, हे सगळं त्याच दोऱ्याचं. मग ‘आपण अलाइन आहोत ना’ कशाला, सूत जुळलंय की आपलं!

इथे नाटकवाले लगेच पिशेलला पुढे करतात. या जर्मन पंडिताने १९०० साली मांडलं की नाटकातला सूत्रधार म्हणजे मुळात कळसूत्री बाहुल्यांचे दोरे ओढणारा. मला हे अजिबात पटत नाही. नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय उघडा, नाट्यगृहाची जागा दोरीने मोजायची सांगितलीय, दोरी कापसाची, मुंज गवताची किंवा सालीची चालेल पण तुटणारी नको, मोजताना अर्ध्यावर तुटली तर मालकाचा मृत्यू, तिसऱ्या भागावर तुटली तर राष्ट्रावर कोप. एवढा दरारा ज्या दोरीचा, ती धरणारा माणूस घरातच असताना बाहुल्यांपर्यंत जायचंच कशाला? आधी मंडप आखणारा, मग प्रयोग उभा करणारा, सरळ हिशोब आहे. नाटकातल्या सूत्रधारालाही मी सुताराचाच भाऊ मानतो.

हां, ऑन की अलाँग. नमुन्याच्या अर्थाने ‘ऑन’ आपल्याकडे रुळलंय, जुन्या ब्रिटिश लिखाणातही आहे, त्याला चूक म्हणू नका. अंदाजे बोलणं सांगताना मात्र ‘अलाँग’च वापरा.