वाचकांचे प्रश्न : दम अडला असता ऑक्सिजन किती आणि कसा?

या महिन्यात आलेली बरीच पत्रे ऑक्सिजनविषयी आहेत. २०२१ च्या उन्हाळ्यात जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील कुटुंबांनी सिलिंडरसाठी जी धावपळ केली, ती लोक विसरलेले नाहीत, हे या पत्रांतून जाणवते. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या आईने चाळीस वर्षे चुलीवर स्वयंपाक केला. गेली काही वर्षे तिला दर हिवाळ्यात खोकला होतो. या जानेवारीत रात्री दम फारच वाढला, म्हणून रुग्णालयात नेले. तेथे ऑक्सिजन ८४ भरला. मास्क लावल्यावर तो ९८ झाला आणि आमच्या जिवात जीव आला. पण मोठे डॉक्टर आल्यावर त्यांनी मास्क काढून नाकात बारीक नळी लावली आणि ऑक्सिजन ९० च्या आसपासच ठेवायला सांगितले. माझ्या थोरल्या भावाचे त्यांच्याशी भांडण झाले. आई आता घरी आहे, पण ते ऑक्सिजन वाचवत होते का, ही शंका मनातून जात नाही. (एक वाचक, अमळनेर तालुका)

उत्तर : आपल्याला शंका आली यात वावगे काही नाही. ज्यांनी एकेका सिलिंडरसाठी रात्री जागून काढल्या, त्यांना कोणी ऑक्सिजन कमी करताना दिसले की पोटात गोळा येणारच. परंतु आपण जे वर्णन केले आहे त्यावरून त्या डॉक्टरांनी आपल्या आईच्या जिवाचाच विचार केला, असे माझे स्पष्ट मत आहे.

पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांच्या धुरात वर्षानुवर्षे स्वयंपाक केलेल्या अनेक स्त्रियांना, बिडीला कधी हातही लावलेला नसताना, सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार जडतो. या आजारात फुप्फुसाच्या काही भागांत हवा नीट पोहोचत नाही. अशा भागांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या शरीर आपोआप आकसून घेते आणि रक्त चांगल्या भागांकडे वळवते. बाहेरून भरमसाट ऑक्सिजन मिळाला की आकसलेल्या या वाहिन्या सैल पडतात, रक्त पुन्हा निकामी भागांतून फिरू लागते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्याचे काम मागे पडते. ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन आपल्याजवळचा कार्बन डायऑक्साइडही सोडून देते आणि काही रुग्णांत श्वास घेण्याची मेंदूची प्रेरणा थोडी मंदावते, त्याची आणखी भर पडते. रक्त आम्लधर्मी होते, रुग्ण गुंगीत जातो आणि पुढे बेशुद्ध होतो. हे सर्व घडत असताना मॉनिटरवर ९८ हाच आकडा दिसत असतो, कारण बोटावरचे यंत्र केवळ ऑक्सिजन मोजते. कार्बन डायऑक्साइड कळण्यासाठी धमनीतील रक्ताची एबीजी तपासणी करावी लागते. रात्रभर धापा टाकणारा रुग्ण एकाएकी शांत झोपला म्हणून नातेवाईक निश्चिंत होतात, तेव्हा त्याला हाक मारून तो जागा होतो का हे पाहणे आवश्यक असते.

याविषयीचा सर्वांत स्पष्ट पुरावा ऑस्ट्रेलियातील टास्मानिया येथून २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे दम लागून रुग्णवाहिकेत आलेल्या ४०५ रुग्णांपैकी काहींना मास्कने मिनिटाला ८ ते १० लिटर ऑक्सिजन देण्यात आला आणि इतरांना रक्तातील पातळी ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राहील इतकाच, मोजून देण्यात आला. पहिल्या गटातील ९ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटातील ४ टक्के. ज्यांना सीओपीडी असल्याचे तपासणीने सिद्ध झाले होते, त्यांच्यात हे प्रमाण ९ आणि २ टक्के होते. औषध कोणतेही नवीन नव्हते. रुग्णालयात पोहोचण्याआधीच्या प्रवासात ऑक्सिजन मोजून दिला, एवढाच फरक होता. हा अभ्यास प्रत्येक रुग्णवाहिका कर्मचाऱ्याला शिकवला जावा असे मला मनापासून वाटते.

सीओपीडी नसलेल्या रुग्णांचे काय, हा पुढचा प्रश्न. २०१८ मध्ये २५ चाचण्यांतील सुमारे १६ हजार रुग्णांची माहिती एकत्र अभ्यासली गेली, तेव्हा सढळ हाताने ऑक्सिजन दिलेल्यांत मृत्यू अधिक आढळले. त्यामुळे ऑक्सिजन जितका कमी तितका बरा, असा सूर काही काळ ऐकू येऊ लागला. परंतु २०२० मध्ये फ्रान्समधील एक चाचणी अर्ध्यावरच थांबवावी लागली. फुप्फुसांना गंभीर इजा झालेल्या रुग्णांत ऑक्सिजन मुद्दाम कमी ठेवलेल्या गटात ९० दिवसांत ४४ टक्के मृत्यू झाले, तर दुसऱ्या गटात ३० टक्के; शिवाय कमी ऑक्सिजनच्या गटातील पाच रुग्णांच्या आतड्यांचा रक्तपुरवठा तुटला. २०२१ ची 'हॉट-आयसीयू' चाचणी २,९२८ रुग्णांवर झाली आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली ब्रिटनमधील 'यूके-रॉक्स' चाचणी तर १६,५०० रुग्णांवर झाली. या दोन्हींत ऑक्सिजनची कमी आणि जास्त पातळी यांमुळे मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. या सर्व चाचण्यांवरून माझा निष्कर्ष असा की दोन्ही टोके टाळावीत. बहुतेक रुग्णांत ऑक्सिजन नव्वदीच्या वरच्या निम्म्यात असावा, पण १०० चा हट्ट धरू नये, आणि सीओपीडीच्या रुग्णांत तो ८८ ते ९२ दरम्यान ठेवावा.

९० आणि ९८ या आकड्यांत घरच्यांना जेवढे अंतर वाटते तेवढे शरीराला वाटत नाही, हेही समजून घ्यावे. ९० टक्क्यांवर हिमोग्लोबिन दहापैकी नऊ भाग भरलेलेच असते. खरी घसरण त्याच्या खाली सुरू होते आणि तेथून ती फार वेगाने होते.

दोन सूचना मात्र आवर्जून करतो. ऑक्सिजन कमी करण्याचे काम नातेवाइकांनी स्वतः करू नये, कारण तो एकाएकी काढला तर पातळी आधीपेक्षाही खाली जाऊ शकते. तसेच आईंचा पुढचा केसपेपर काढताना 'ऑक्सिजन ८८ ते ९२' अशी नोंद डॉक्टरांकडून त्यावर करून घ्यावी आणि तो कागद घरात हाताशी ठेवावा.

प्रश्न : माझ्या मोठ्या दिरांना न्यूमोनिया झाला तेव्हा आम्ही त्यांना मोठ्या शहरातील रुग्णालयात नेले होते. त्यांचा दम वाढत असताना तेथील डॉक्टरांनी सांगितले की एक संशोधन चालू आहे, त्यात काहींना नाकावाटे जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन देतात आणि काहींना घट्ट मास्कच्या मशीनवर ठेवतात, आणि कोणाला काय द्यायचे हे संगणक ठरवतो. आम्ही सही केली नाही. आमच्या माणसावर प्रयोग का करू द्यायचा, असे सासूबाई म्हणाल्या. आमचे चुकले का? (एक वाचक, शिरपूर)

उत्तर : सही न करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार होता आणि त्यामुळे उपचारात काहीही कमी होता कामा नये. त्या रात्री, त्या मनःस्थितीत नकार देणाऱ्या कुटुंबाला मी दोष देणार नाही. परंतु सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर नीट देणे हे आम्हा डॉक्टरांचे कर्तव्य आहे.

आपल्याला सांगितलेल्या दोन्ही पद्धती रोज वापरल्या जातात. पहिलीत ओलसर व कोमट केलेला ऑक्सिजन आणि हवा यांचे मिश्रण मिनिटाला ६० लिटरपर्यंतच्या वेगाने नाकात सोडतात. रुग्णाला त्यात बोलता येते आणि थोडेफार खातापिताही येते. दुसरीत घट्ट मास्कमधून दाबाने हवा देऊन मिटत चाललेले वायुकोश उघडे ठेवतात. ती अधिक जोरकस असते, पण काही रुग्णांना तो मास्क सहन होत नाही. दोन्हींचा हेतू एकच असतो : घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावण्याची वेळ शक्यतो येऊ नये आणि आलीच तर तिला उशीर होऊ नये.

यांतील सरस कोणती? २०१५ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियम येथील ३१० रुग्णांवर झालेल्या चाचणीत नळी घालण्याच्या प्रमाणात ठाम फरक आढळला नाही, परंतु ९० दिवसांतील मृत्यू जोराच्या प्रवाहाच्या गटात १२ टक्के, साध्या ऑक्सिजनच्या गटात २३ टक्के आणि मास्कच्या गटात २८ टक्के होते. ते वाचून अनेकांनी प्रवाहाची यंत्रे घेतली. पुढे कोविडच्या काळात ब्रिटनमधील १,२७३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जवळजवळ उलटे चित्र दिसले. नळी घालावी लागणे किंवा मृत्यू, यांचे एकत्रित प्रमाण दाबाच्या मास्कमुळे ४४ वरून ३६ टक्क्यांवर आले. जोराच्या प्रवाहामुळे मात्र साध्या ऑक्सिजनच्या तुलनेत काहीच फरक पडला नाही. आजार वेगळा, रुग्ण वेगळे, म्हणून निष्कर्षही वेगळा. आपल्या दिरांसारख्या रुग्णासमोर उभ्या असलेल्या प्रामाणिक डॉक्टरला यांपैकी कोणती पद्धत त्या माणसाला वाचवील हे खात्रीने सांगता येत नाही, आणि ज्या ठिकाणी अशी खात्री नसते तेथेच अशी चाचणी करणे न्याय्य ठरते. एक पद्धत उघडपणे चांगली असल्याचे माहीत असताना दुसरी देणे हा अपराध होईल; नैतिकता समिती तशा चाचणीला परवानगीच देणार नाही.

निवड संगणकावर सोपवण्याचेही कारण आहे. डॉक्टरांनी निवडायचे ठरवले तर नकळत तरुण, धडधाकट रुग्ण एका गटात आणि थकलेले दुसऱ्यात जातील, आणि मग जो फरक दिसेल तो पद्धतीचा की वयाचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

चाचणी न करता केवळ आशेवर उपचार केल्यास काय होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. कोविडमधून बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा मिळावा म्हणून किती कुटुंबांनी रक्तपेढ्यांचे उंबरठे झिजवले! भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर त्याची चाचणी घेतली आणि आजार गंभीर होणे किंवा मृत्यू त्यामुळे टळत नाही, हे २०२० मध्येच दाखवून दिले. मे २०२१ मध्ये प्लाझ्मा राष्ट्रीय उपचारसूचनांतून वगळण्यात आला. ज्या ४६४ कुटुंबांनी त्या कठीण वेळी संमती दिली, त्यांचे आपल्यावर ऋण आहे, असे मी मानतो.

मला आणखी एक गोष्ट बोचते. वर उल्लेखलेल्या ऑक्सिजनच्या चाचण्या प्रामुख्याने युरोप आणि ऑस्ट्रेलियातील अतिदक्षता विभागांत झाल्या. चुलीच्या धुराने फुप्फुसे झिजलेली यावलची बाई, क्षयरोग होऊन गेलेला धडगावचा मजूर, जिनिंगमध्ये कापसाची धूळ खाल्लेला कामगार यांच्यासारखे रुग्ण त्यांत अभावानेच असणार. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांतून अशा चाचण्या झाल्या तरच आपल्या माणसांसाठी योग्य आकडे हाती येतील.

पुन्हा कधी अशी विचारणा झाली तर माहितीपत्रक मराठीत मागा आणि ते मोठ्याने वाचून घ्या. नैतिकता समितीची मान्यता आहे का, 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' या सर्वांसाठी खुल्या असलेल्या सरकारी नोंदवहीत नाव आहे का, इजा झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार आणि मध्येच बाहेर पडता येते का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेच असले पाहिजे. समाधान झाले नाही तर खुशाल नाही म्हणा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. घरातील ऑक्सिमीटर एका बोटावर ९४ आणि दुसऱ्यावर ८९ दाखवतो. कोणता आकडा खरा मानावा? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : बोट गार असेल, नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल, हात हलत असेल, तर आकडा चुकतो. हात चोळून गरम करा, पाच मिनिटे स्वस्थ बसा, यंत्र मधल्या बोटाला लावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. यंत्रावरचे नाडीचे ठोके आपण मनगटावर मोजलेल्या ठोक्यांशी जुळत नसतील, तर ऑक्सिजनच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

त्वचेच्या रंगाचाही परिणाम होतो. अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींवरून २०२० मध्ये असे दिसून आले की यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातील खरी पातळी ८८ पेक्षा कमी असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होते. म्हणून सावळ्या किंवा काळ्या वर्णाच्या माणसाला धाप लागली असेल, वाक्य पूर्ण करता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर यंत्र ९४ दाखवत असले तरी दवाखाना गाठावा.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. आमच्या पाड्यांवर सिकलसेलचे (लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण आहेत. त्यांच्या छातीत दुखून दम लागला, तर ऑक्सिजनच्या आकड्यावर किती अवलंबून राहावे? (एक वाचक, अक्कलकुवा तालुका)

उत्तर : ताई, आपला प्रश्न फार मोलाचा आहे. सिकलसेलच्या रुग्णाला ताप, छातीत दुखणे आणि दम ही लक्षणे एकत्र दिसली, तर फुप्फुसातील रक्तवाहिन्या विळ्याच्या आकाराच्या पेशींनी तुंबू लागल्या आहेत असेच धरून चालावे. ही अवस्था काही तासांतही बिघडू शकते. या रुग्णांत बोटावरच्या यंत्राचा आकडा खऱ्या पातळीपेक्षा थोडा वेगळा येऊ शकतो, म्हणून रुग्ण बरा असतानाचा त्याचा नेहमीचा आकडा आपल्या वहीत लिहून ठेवावा आणि आजारपणातील आकडा त्याच्याशी ताडून पाहावा. ऑक्सिजन कमी झाला की पेशी अधिक वेड्यावाकड्या होतात, त्यामुळे येथे सीओपीडीचा ८८ ते ९२ हा नियम लावायचा नाही. ९४ ते ९८ किंवा रुग्णाची नेहमीची पातळी हे लक्ष्य ठेवतात.

रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाने तीन छोट्या चेंडूंच्या साध्या यंत्रातून श्वास खोल ओढण्याचा व्यायाम करावा. छाती किंवा पाठीच्या हाडांत दुखत असलेल्या सिकलसेल रुग्णांवर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत, जागेपणी दर दोन तासांनी असे दहा श्वास घेतलेल्यांना फुप्फुसाचा त्रास दुखण्याच्या १९ खेपांपैकी एकाच खेपेला झाला, तर न घेतलेल्यांना १९ पैकी ८ वेळा. दुखते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो आणि फुप्फुसाचा तळ मिटून जातो. तेच या व्यायामाने टळते. १०८ ला फोन करताना 'सिकलसेलचा रुग्ण, दम लागला आहे' एवढे आधी सांगावे, रुग्णाचे सिकलसेल कार्ड सोबत द्यावे आणि रक्त चढवण्याची सोय असलेल्या रुग्णालयातच त्याला पाठवावे.