क्वेकिंग अस्पेन की बिगटूथ? आधी पानाची कड बघा

क्वेकिंग आणि बिगटूथ या अस्पेनच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एका झाडाच्या, दोन जाती. त्या ओळखताना सुरुवातीला सगळ्यांचाच गोंधळ होतो, काळजी नको. पान थरथरतंय म्हणजे क्वेकिंगच (नावाचा अर्थच ‘थरथरणारा’), ही पहिली चूक. देठ दोघांचाही चपटा असतो, चिमटीत धरून फिरवून बघा लगेच कळेल, त्यामुळे वाऱ्यात दोन्ही हलतात. सालीच्याही मागे लागू नका, म्हाताऱ्या झाडांची बुंध्याशी सारखीच काळपट, भेगाळ होते.

आत्ता एवढंच बघा:
- कड: क्वेकिंगचे दाते बारीक नि दाट, बिगटूथचे मोठे, एका बाजूला ५ ते १५, बोटाने मोजता येतात
- हिवाळ्यात कळी: क्वेकिंगची चकचकीत, बिगटूथची राखाडी, लव असलेली

आणि मुळातून फुटलेल्या धुमाऱ्यांची पानं अजिबात धरू नका, ती भलत्याच आकाराची येतात, मोठ्या झाडाच्या फांदीचंच पान घ्या.