आधी पोर्टवरचा दिवा पाहा

भाऊ, केबलवरचं नेट बंद पडलं तर सुरुवातीलाच सेटिंगमध्ये शिरू नको. पोर्टवरचा, म्हणजे केबल खुपसायच्या खाचेवरचा, दिवा बघ. विझलेला असेल तर बिघाड बहुतेक केबलमध्ये, क्रिम्पिंगमध्ये (केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवणं) नाहीतर पोर्टमध्ये. दिवा लागतो पण नेट नाही? राउटरला पिंग कर, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का बघ. नीट उत्तर आलं तर तिथवर सारं ठीक, बिघाड पुढे.

स्पीड १०० एमबीपीएसवरच अडकला तर केबलमधल्या तारा मोज. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही लागतात, १०० ला चारच पुरतात. यवतमाळकडच्या एका शाळेत निळी तार कनेक्टरच्या टोकापर्यंत पोचलीच नव्हती. उजेडात धरल्यावर दिसलं!

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- तांब्याची केबल १०० मीटरच्या पुढे ओढणं
- लाइटच्या वायरीसोबत बांधणं
- एकाच वेळी दोन गोष्टी बदलणं

मृगात विजा कडाडतात, म्हणून दोन इमारतींमध्ये फायबरच (काचेची, वीज न वाहणारी केबल) टाक. व्हीलॅनचं (एकाच नेटवर्कचे वेगळे भाग पाडणं) नंतर पाहू.